परक्याच्या ओसरीवरून

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाने यंदा आपल्या दुर्मिळ ग्रंथांची सूची संगणकावर चढवून सभासदांना खुली केली, आणि त्या प्रसंगाच्या निमंत्रणपत्रिकेवर, कार्यवाहांच्या नावाच्या जरा वर, रोमन अक्षरांचा आणि आकड्यांचा एक त्रोटक पत्ता छापला होता. तो फोनवर टंकला की सूची समोर उलगडत असे. तोच पत्ता एसएमएसनेही सभासदांना धाडला होता. पत्रिकेचा मजकूर मंडळाच्या बैठकीत दोनदा वाचला गेला, शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या, प्रमुख पाहुण्यांच्या पदव्यांचा क्रम बदलला. परंतु त्या त्रोटक पत्त्याविषयी कुणीही, आणि त्यात मीही आलोच, एक अक्षर विचारले नाही.

समारंभानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी वाचनकक्षातले दिवे मालवून झाल्यावर आमचे कार्यवाह एक छापील कागद घेऊन बाहेरच्या ओसरीवर आले. चौतीस वर्षे टपाल खात्यात काढून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ सगळ्या गावाचे काका आहेत, आणि वाचनालयाचे दप्तर त्यांनी हाती घेतल्यापासून एका पुस्तकाचीही रुजुवात चुकलेली नाही. शेजारी त्यांची पुतणी बसली होती. ती पुण्यात संगणकाच्या व्यवसायात आहे आणि सुटीपुरती आली होती. काकांच्या मुद्रेवर जो आनंद होता तो मी त्यांच्या सेवानिवृत्तीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"हे पाहा," ते मला म्हणाले, "सूची किती जणांनी उघडली, कोणत्या दिवशी किती वेळा उघडली, फोनवर उघडली की संगणकावर, आणि कोणकोणत्या शहरांतून उघडली, याचा हा बिनचूक तपशील. आपले निम्मे वाचक गावाबाहेर आहेत. दुबईतून कुणी पाहिली, नाशिकहून कुणी पाहिली. अनुदानासाठी अर्ज करताना वाचनालयाचा उपयोग होतो याला पुरावा काय, असा प्रश्न आम्हाला दरवर्षी विचारला जातो, आणि दरवर्षी मी देवघेवीचे आकडे जोडतो. यंदा मी हाही दाखला जोडणार आहे, आणि त्यासाठी एक पैसा खर्च झालेला नाही."

"काका," पुतणी म्हणाली, "खर्च झाला आहे. तो तुम्ही केलेला नाही, इतकेच. वाचकांनी केला आहे, आणि त्यांना तो ठाऊक नाही."

काकांनी कागद गुडघ्यावर ठेवला. त्यांच्या स्वभावात एक गोष्ट मला नेहमी आदरणीय वाटत आलेली आहे, ती ही की विरोधाचे पहिले वाक्य ऐकताच ते उत्तर शोधू लागत नाहीत. दुसरे वाक्य येईपर्यंत थांबतात.

"पत्रिकेवर जे छापले आहे," ती पुढे म्हणाली, "तो आपल्या सूचीचा पत्ताच नव्हे, ती एक खूण आहे, आणि त्या खुणेचा अर्थ जिच्या वहीत लिहिलेला आहे ती संस्था परदेशात आहे. वाचकाने ती खूण टंकली की त्याचा ब्राउझर प्रथम त्या परक्या दारावर जाऊन थाप मारतो. आतला कारकून वही उघडून पाहतो, 'तुम्हाला हवे असलेले ठिकाण अमुक ठिकाणी आहे' असे सांगतो, आणि मग ब्राउझर आपल्या वाचनालयाकडे वळतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवायच्या आत घडते, म्हणून वाचकाला वाटते की मी सरळ वाचनालयात आलो. पण त्या एका थापेत त्याचा आयपी पत्ता कळतो, त्यावरून साधारण कोणत्या शहरातून कोणत्या कंपनीच्या जोडणीवरून तो आला हे कळते, यंत्र कोणते, ब्राउझर कोणता, त्याने भाषा कोणती निवडली आहे, वेळ काय, पुष्कळदा आधी कोणत्या पानावर होता तेही. आणि त्या दाराने त्याच्या ब्राउझरात एक कुकी ठेवून दिली, तर पुढल्या खेपेस, मग तो दुवा दुसऱ्याच कुणी धाडलेला असो, हाच तो मनुष्य, अशी ओळखही पटते. तुमच्या कागदावर आली ती बेरीज. जमाखर्चाची मूळ वही त्यांच्याकडेच राहिली."

मी स्वतः या विषयात अडाणी आहे; तरी एवढे समजल्यावर त्या कागदावरची 'दुबई' मला मघासारखी निरुपद्रवी वाटेना, कारण आमचे दुबईतले सभासद एकच आहेत.

काकांचे उत्तर मात्र विचारपूर्वक होते, आणि ते मी शक्य तितक्या त्यांच्याच शब्दांत नमूद करतो, कारण या वादात त्यांची बाजू लंगडी होती असे मला आजही वाटत नाही.

"पोरी, ज्या गोष्टीचा तू गुन्हा म्हणून उच्चार करतेस ती मी चौतीस वर्षे पगार घेऊन केली. कोणत्या घरी कुणाचे पत्र येते, कोणत्या विधवेला मुंबईहून मनिऑर्डर येते आणि कोणत्या महिन्यात ती आली नाही, कुणाच्या मुलाला न्यायालयाची नोटीस आली, हे सारे टपालखात्याला कळतेच. पाकिटाच्या आत न डोकावता कळते. जाणणे हा अपराध असता तर टपाल चाललेच नसते. अपराध आहे तो सांगण्यात. १८९८ च्या कायद्यात टपाल उघडणाऱ्या किंवा अडवून ठेवणाऱ्या नोकराला शिक्षा होती; त्याच कायद्याच्या सव्विसाव्या कलमाने सरकारला मात्र आणीबाणीच्या प्रसंगी ते अडवण्याची मुभा होती, हेही मी लपवत नाही. आणि नोंदीचे म्हणशील तर नोंद ही सभ्य कारभाराची पहिली खूण आहे. रजिस्टर पत्राला पोहोच-पावती जोडत असू ती कशासाठी? पत्र पोहोचले की नाही हे कळण्याचा धाडणाऱ्याला हक्क आहे म्हणून. तुझा हा लघुदुवा म्हणजे त्या पावतीचेच नवे रूप."

"त्या पावतीवर सही कुणाची असे, काका?"

"घेणाऱ्याची."

"म्हणजे त्याला ठाऊक असे. पोस्टमन दारात उभा राहून त्याच्या हातात पेन देई. त्याने सही नाकारली तर 'स्वीकारण्यास नकार' असा शेरा मारून पत्र परत जाई. आपल्या सभासदाच्या हातात पेन कुणी दिले?"

काका काही बोलले नाहीत. तीही लगेच पुढे गेली नाही, आत जाऊन तिने आम्हा दोघांना पाणी आणून दिले, आणि बसल्यावर आवाज खाली आणून म्हणाली, "मी हे ऐकीव सांगत नाही. ज्या कंपनीत मी पूर्वी होते तिथे असेच एक यंत्र आम्ही बांधले होते. अशा दाराने वाचकाला पुढे पाठवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीचा क्रमांक ३०१; तिचा अर्थ असा, की हे स्थलांतर कायमचे आहे, पुन्हा माझ्याकडे येण्याचे कारण नाही. ब्राउझर ते ध्यानात ठेवू शकतो, आणि दुसऱ्यांदा परस्पर खऱ्या पत्त्यावर जातो. दुसरीचा क्रमांक ३०२. हे स्थलांतर तात्पुरते आहे, दरवेळी येऊन विचारत जा. वास्तविक आमच्या दुव्यांचे स्थलांतर कधीच तात्पुरते नव्हते. तरी मला ३०२ लिहायला सांगितले गेले, कारण मनुष्य परस्पर गेला तर मोजणी चुकते. मी लिहिले. वाचकाला रोज आमच्या ओसरीवरून वळसा घालायला लावणारे ते एक अंकाचे असत्य माझ्या हातचे आहे."

हे ऐकून काका काही वेळ अंगणातल्या पारिजातकाकडे पाहत राहिले. मग त्यांनी निराळ्या अंगाने सुरुवात केली, आणि इथे त्यांनी जी अडचण मांडली ती इंग्रजी पत्त्यांवर वाढलेल्या माणसाला सुचणार नाही.

"असत्य असेल, पण गरज खोटी नव्हे. मी पहिल्यांदा पत्रिकेवर आपल्या सूचीचा खरा पत्ताच छापणार होतो. पत्त्यात 'वाचनालय' हा शब्द देवनागरीत आहे, आणि मला त्याचा अभिमान होता. छापखान्याला तो नकलून पाठवला तेव्हा तिकडून विचारणा आली, की हे काय धाडले आहे? शब्दाच्या जागी टक्क्याची चिन्हे, मध्ये रोमन अक्षरे, मध्ये आकडे, अशी एक रांगच्या रांग!"

"देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला संगणकाच्या लिपिसंकेतात तीन बाइट लागतात," पुतणी म्हणाली, "आणि पत्त्यात दर बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे असा लिहावा लागतो. काना-मात्रा धरून 'वाचनालय' म्हणजे ७ चिन्हे, ७ नव्वे ६३."

"त्रेसष्ट! आणि मराठी एसएमएसात अक्षरे मावतात किती? सत्तर. इंग्रजीला एकशे साठ आणि आपल्याला सत्तर. एका शब्दाच्या पत्त्यात माझा सारा संदेश संपला, निमंत्रण लिहू कुठे? पत्रिकेवरची ती रांग आपल्या सत्तरी उलटलेल्या सभासदांनी टंकायची म्हटले तर सूची कुणी पाहिलीच नसती. लांब पत्ता ज्यांच्या लिपीत सुटसुटीत राहतो त्यांनी लघुदुव्याला नावे ठेवावीत. आपल्याला ती चैन परवडत नाही."

पुतणीने हे मान्य केले, आणि मनापासून केले. तिने सांगितले की या सेवेचा आरंभही निष्पापच होता: अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या केविन गिल्बर्ट्सन नावाच्या, एकचाकी सायकलीच्या छंदी तरुणाने २००२ च्या जानेवारीत टायनीयूआरएल सुरू केले ते त्या छंदाच्या मंडळींना एकमेकांना लांबलचक पत्ते पाठवताना ते मध्येच तुटू नयेत म्हणून. पुढे ट्विटरने १४० अक्षरांची मर्यादा घातली तेव्हा अशा सेवांचे पेव फुटले, आणि २००९ साली ट्विटरने टायनीयूआरएलच्या जागी बिट्लीला बसवले, तिचे बळ आकडेवारीत होते. पत्ता आखूड करणे हे तेव्हापासून निमित्त उरले आणि मोजणे हा धंदा झाला, असे तिचे म्हणणे. बिट्लीच्या नावातले शेवटचे दोन वर्ण लिबिया देशाचे आहेत, आणि २०१० साली त्या देशाच्या नोंदणी कार्यालयाने अशाच एका दुसऱ्या सेवेचे नाव आपल्या कायद्याशी विसंगत म्हणून काढून घेतले, हेही तिने ओघात सांगितले. आमच्या पत्रिकेवरील पत्ता कोणत्या देशाच्या मर्जीवर आहे हे मंडळातल्या कुणाला सांगता आले नसते.

"पण मला यापेक्षाही गंभीर वाटते ती दुसरी गोष्ट," ती म्हणाली. "खूण आखूड करायची म्हणजे अक्षरे कमी करायची, आणि अक्षरे कमी म्हणजे ती अंदाजाने ओळखणे सोपे. गूगलच्या नकाशांचे लघुदुवे पूर्वी पाच अक्षरी खुणांचे असत. मोठी-लहान रोमन अक्षरे आणि आकडे मिळून ६२ चिन्हे. पाच जागांत त्यांच्या जुळण्या होतात सुमारे ९१ कोटी ६१ लाख. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, यंत्राला नाही. मार्टिन जॉर्जिएव्ह आणि कॉर्नेल टेकमधले विताली श्मातिकोव्ह या दोघा संशोधकांनी, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा खुणा यंत्राकडून चाळून पाहिल्या, तेव्हा लोकांनी आपापल्या घरून दवाखान्यांपर्यंत काढलेले रस्ते उघडे सापडले. मेघसाठ्यात ठेवलेली खाजगी कागदपत्रे सापडली, काही ठिकाणी तर परक्याला त्यात भर घालता येत होती. हे कळल्यावर गूगलने नकाशांच्या खुणा अकरा-बारा अक्षरांच्या केल्या. घरापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता, काका! तुम्ही त्या विधवेची मनिऑर्डर कुणाला सांगितली नाहीत. इथे कुणी सांगितलेही नाही, नुसते दार लोटले आणि दिसले."

काका म्हणाले, "हा नोंदीचा दोष नव्हे, कुलूप कच्चे असण्याचा आहे."

"खरे आहे. आणि तुमच्या बाजूचाही एक दाखला माझ्याजवळ आहे, तो झाकून ठेवणे बरे नव्हे. २०२० च्या जूनमध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने एका मोठ्या हेरगिरीचा छडा प्रसिद्ध केला. पत्रकार, कार्यकर्ते, वकील अशा हजारोंना फसवे दुवे धाडणारी ती टोळी होती, आणि तिचा संबंध दिल्लीतल्या एका कंपनीशी निघाला. त्यांनी दुवे आखूड करणारी स्वतःची २८ यंत्रे उभारली होती, पण खुणा ओळीने दिल्या होत्या, एकापुढे दोन, दोनांपुढे तीन. संशोधकांनी ती ओळ धरून मागचे-पुढचे सारे दुवे काढले, सुमारे अठ्ठावीस हजार, आणि कुणाकुणावर जाळे टाकले होते ते कळले. कच्च्या कुलपाचा त्या खेपेस चोरालाच उपद्रव झाला."

"मग?"

"मग काही नाही. नोंद कुणाच्या हाती आहे, एवढाच प्रश्न उरतो."

यानंतर ती जे बोलली ते मला त्या संध्याकाळचे मर्म वाटते. गूगलची स्वतःची लघुदुव्यांची सेवा २००९ साली सुरू झाली. २०१८ साली ती गुंडाळण्याचा निर्णय जाहीर झाला, २०१९ च्या मार्चपासून नवे दुवे देणे थांबले, आणि २०२४ साली असे घोषित झाले की २५ ऑगस्ट २०२५ नंतर जुने दुवेही चालणार नाहीत. ग्रंथांच्या तळटीपांत आणि शासकीय पत्रकांत छापून गेलेल्या खुणांचे काय, असा आक्रोश झाल्यावर शेवटच्या महिन्यात निर्णय सौम्य करण्यात आला: जे दुवे २०२४ च्या अखेरीस कुणी ना कुणी वापरले होते ते राखायचे, आणि ज्यांच्याकडे त्या काळात कुणीच फिरकले नाही ते मिटवायचे.

काका एकदम ताठ बसले. "म्हणजे वर्षात कुणी नेले नाही म्हणून पुस्तक रद्दीत?"

"होय. आणि कुणी नेले नाही हे ठरवले कशावरून? त्याच मोजणीवरून. तुम्ही ज्या नोंदीला सभ्य कारभाराची खूण म्हणता तीच तिथे मृत्यूची यादी ठरली."

आमच्या वाचनालयात एकोणिसाव्या शतकातले एक वैद्यकविषयक पुस्तक आहे. ते माझ्या आठवणीत एकदाच देवघेवीला गेले, आणि ज्याने नेले त्याने त्यावर प्रबंध लिहिला. काकांना तेच आठवले असावे, कारण त्यांची दृष्टी आत, कपाटांकडे गेली. मला वाटले वाद इथे संपला. पण काका सहजासहजी हरणारे नव्हेत, आणि खरे सांगायचे तर त्यांचा मूळ प्रश्न अजून तसाच होता.

"हे झाले त्यांच्या लहरीविषयी. मोजू नये असे तू अजूनही सिद्ध केलेले नाहीस. वाचनालय लोकांच्या पैशावर चालते, आणि लोकांना हिशेब द्यावा लागतो."

"काका, मी दहावीत असताना गावातले एक वजनदार गृहस्थ इथे आले होते, आठवते?"

ते काकांना आठवत होते. मलाही आठवत होते, कारण मी त्या दिवशी वर्तमानपत्रे चाळीत बसलो होतो. त्या गृहस्थांना, आपल्या घरातली कॉलेजात जाणारी मुलगी कोणती पुस्तके नेते, ते पाहायचे होते. विनंती सौम्य होती आणि ती करणारा वाचनालयाचा देणगीदार होता. काकांनी देवघेवीची वही मिटली, कपाटात ठेवली, किल्ली कडोसरीला लावली, आणि म्हणाले, की वाचकाने काय वाचले हे वाचक आणि वाचनालय यांच्यामधले आहे. पुढल्या वर्षी ती देणगी आली नाही.

"त्या वहीची किल्ली तुमच्याजवळ होती," पुतणी म्हणाली. "आता तेच गृहस्थ, किंवा त्यांच्याहून वजनदार कुणी, त्या परक्या दारावर गेले तर वही कोण मिटणार आहे? मोजणीला माझी हरकत नव्हतीच. आपली सूची आपल्याच संस्थळावर आहे. वाचक सरळ आला तरी आपल्या सर्व्हरला त्याची चाहूल लागतेच, तिथे मोजा. दिवसाचा आकडा ठेवा आणि आयपी पत्ता पुसून टाका. आखूड पत्ता हवा तर आपल्याच नावापुढे तिरकी रेघ आणि एक आकडा, एवढी तजवीज मी आज रात्री करून देते. विकिपीडियाने २०१९ पासून आपल्या पानांसाठी आपलाच लघुपत्ता ठेवला आहे, आणि मराठी लेखांच्या त्या टक्क्यांच्या रांगा त्यानेच टळतात. वळसा नको, इतकेच माझे म्हणणे."

"आणि शहरे? नाशिक, दुबई? गावाबाहेरचे वाचक किती, हे मला खरोखरच हवे आहे. त्यांच्यासाठी टपालाने पुस्तके पाठवण्याची योजना मंडळापुढे आणायची आहे."

"त्यांना विचारा."

काका यावर प्रसन्न झाले नाहीत. विचारल्यावर किती जण उत्तर देतात याचा त्यांना दीर्घ अनुभव आहे, आणि न विचारता मिळालेला आकडा पुरता असतो व विचारून मिळालेला अपुरा, ही त्यांची तक्रार रास्तच होती. पुतणीनेही ती खोडली नाही. अपुरा आकडा अर्जाला जोडावा लागेल, आणि कदाचित अनुदान थोडे कमी येईल, हे दोघांनाही दिसत होते.

तरी काका उठले. आतून त्यांनी कोऱ्या पोस्टकार्डांचा एक गठ्ठा, सभासदांचे पत्त्यांचे रजिस्टर आणि आपले जुने शाईचे पेन आणले. छापील कागद, ज्यावर दुबई होती, त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवला. तो अर्जाला जोडणार की नाही हे मी विचारले नाही. मजकूर त्यांनी मला सांगितला आणि मी लिहून घेतला: वाचनालयाच्या निमंत्रणावर छापलेला पत्ता एका परदेशी संस्थेमार्फत जात होता, तो उघडताना आपले शहर, यंत्र आणि वेळ यांची नोंद त्या संस्थेकडे झाली असण्याची शक्यता आहे, याबद्दल आपणांस आधी विचारले नाही, त्याबद्दल वाचनालय दिलगीर आहे, यापुढील पत्ता वाचनालयाचा स्वतःचा राहील, आपण कोणत्या गावी असता आणि पुस्तके टपालाने हवी आहेत काय, हे इच्छा असल्यास कळवावे.

मसुदा हाती घेऊन काकांनी तो एकदा वाचला. मग पेन उघडून 'असण्याची शक्यता' हे दोन शब्द त्यांनी खोडले, वाक्य 'झाली आहे' असे करून घेतले, आणि रजिस्टरातले पहिले नाव वाचायला सुरुवात केली.